शाळेच्या पुस्तकांसाठी संगणक-प्रणाली : मागणी कशी लिहावी व खरेदी कशी करावी

शाळा तपासणीस गेल्यावर हजेरीपट मागण्यापूर्वी मी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मागतो. किल्ली खुंटीवर असेल आणि चौथीतील एखादी मुलगीच ती काढून देत असेल, तर पुढे फारसे विचारावे लागत नाही. परंतु किल्लीसाठी शोधाशोध सुरू झाली, आणि कपाट उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला, तर देवघेव वहीत काय असेल याची कल्पना आधीच येते.

यात सर्व दोष शिक्षकांचा आहे, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः कित्येक वर्षे कपाटास कुलूप लावून बसलेला शिक्षक आहे. माझ्या पहिल्या शाळेचा कार्यभार दुसऱ्या गुरुजींच्या हाती देताना सतरा पुस्तके कमी भरली. ती कोणत्या मुलांकडे होती, हे मला तोंडपाठ ठाऊक होते. वहीत मात्र नोंद नव्हती. किंमत मी भरली आणि पुढील शाळेत पहिल्या दिवशी नवे कुलूप विकत घेतले. त्या कुलपामुळे किती मुले वाचनास मुकली, याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात निघाला नाही.

अलीकडे केंद्राच्या शिक्षण परिषदांमधून ‘आमचे ग्रंथालय संगणकावर आणावयाचे आहे, कोणती प्रणाली घ्यावी?’ असा प्रश्न वारंवार येतो. गावातील मुंबईकर मंडळ देणगी देऊ करते, कोणी माजी विद्यार्थी संगणक देतो, आणि मागोमाग विक्रेत्याचा प्रतिनिधी रंगीत पत्रक घेऊन दारात उभा राहतो. प्रश्न योग्य आहे. पण ‘कोणती घ्यावी’ याच्या आधी ‘आपणास काय हवे’ हे कागदावर उतरले पाहिजे. यास्तव हे टिपण.

आपल्या जिल्ह्यास हा विषय परका नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले व महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्या काळी कारकून बोरूने जी नोंद करीत असे, तीच नोंद आज यंत्र करते. पुस्तक आले की त्यास दाखल क्रमांक द्यावयाचा, त्याचे वर्णन लिहावयाचे, ते कोणाकडे गेले व केव्हा परत आले हे टिपावयाचे, आणि वर्षातून एकदा मोजदाद करावयाची. ग्रंथालय-प्रणाली म्हणजे दाखल नोंदवही, ग्रंथसूची, देवघेव वही आणि मोजदादीचा तक्ता या चार वह्यांची एकमेकींशी घातलेली गाठ होय. विक्रेता याहून पुष्कळ काही सांगेल. ते ऐकावे, परंतु या चार वह्यांचे काम प्रणाली कसे करते, हे पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

आता पहिला प्रश्न : एकट्या शाळेस प्रणाली हवी काय? माझे मत स्पष्ट आहे. ज्या शाळेत चाळीस मुले व अडीचशे पुस्तके आहेत, तिला ती नको. तिला नीट आखलेली एक वही, प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत चिकटवलेला कागदी खिसा आणि मुलांतूनच नेमलेले दोन ग्रंथपाल पुरतात. अडीचशे पुस्तके शिक्षकास तोंडओळखीने माहीत असतात. संगणक उघडून त्यांत पुस्तक शोधण्यास लागणाऱ्या वेळात मूल ते पुस्तक हाती घेऊन पहिले पान वाचून होते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचा आहे. जे साधन वाचकाचा वेळ वाढवते, ते कितीही नवे असले तरी त्या नियमात बसत नाही.

केंद्राची गोष्ट मात्र निराळी आहे. समजा, एका केंद्रात बारा शाळा आहेत व प्रत्येकीत सुमारे तीनशे पुस्तके आहेत. ती झाली ३,६०० पुस्तके, आणि इतकी पुस्तके कोणाच्याच तोंडपाठ नसतात. एका वाडीच्या शाळेत विज्ञानाची चाळीस पुस्तके न उघडता पडलेली असतात, व डोंगरापलीकडील शाळेतील मुलांनी त्यांच्याकडची गोष्टींची सर्व पुस्तके दोनदा वाचून संपवलेली असतात. कोणाकडे काय आहे हे एका ठिकाणी दिसले, तर दर दोन महिन्यांनी पेट्या फिरवता येतात. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून जी ग्रंथालय-व्यवस्था उभी केली, तिच्यात अशाच फिरत्या पेट्या गावोगाव जात असत. त्या कामी संगणक नव्हता. परंतु कोणती पेटी कोठे आहे, याची चोख नोंद होती. आपल्या केंद्रास जर काही मागावयाचे असेल, तर ते हे होय : बारा शाळांची एक सामाईक सूची, आणि त्यातून फिरणाऱ्या पेट्या.

खर्चाचा मोठा भाग प्रणालीच्या किमतीत नसून नोंदी भरण्याच्या श्रमात असतो, ही गोष्ट विक्रेत्याच्या पत्रकात आढळत नाही. एका पुस्तकाची नोंद भरण्यास पाच मिनिटे धरली, तर ३,६०० पुस्तकांना ३०० तास लागतील. परंतु शासकीय पुरवठ्यातील संच सर्व शाळांत सारखेच असतात. भिन्न नावे समजा १,५००च आहेत, तर त्यांचे १२५ तास, आणि उरलेल्या २,१०० प्रतींना फक्त क्रमांक जोडण्याचे प्रत्येकी एक मिनिट धरून ३५ तास, असे १६० तासांत काम आटोपते. बारा शाळांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्यास तेरा-चौदा तास येतात. यास्तव मागणीपत्रात ‘एका शीर्षकाखाली अनेक प्रती, प्रत्येक प्रतीस स्वतंत्र दाखल क्रमांक व ती कोणत्या शाळेत आहे याची नोंद’ ही अट अगदी वर लिहावी. ती नसेल तर एकच पुस्तक बारा वेळा टंकित करावे लागेल, आणि सातव्या वेळी कंटाळा येऊन नाव चुकेल.

मागणीपत्र लिहिताना वस्तूचे नाव लिहू नये, काम लिहावे. ‘अमुक कंपनीची अमुक आवृत्ती’ असे लिहिले की स्पर्धा संपते, आणि खरेदीच्या नियमांसही ते धरून नसते. त्याऐवजी असे लिहावे : ‘इयत्ता तिसरीचे मूल शिक्षकाच्या साहाय्याने लेखकाचे नाव टंकित करून पुस्तक कोणत्या शाळेत आहे, हे पाहू शकले पाहिजे.’ प्रत्येक अट अशी असावी की ती पुरी झाली की नाही, हे समोर बसून पाहता येईल. ‘प्रणाली वापरण्यास सोपी असावी’ ही अट अट नव्हे. तिच्यावर भांडण होऊ शकते, निकाल होऊ शकत नाही. ‘एक पुस्तक देण्याची नोंद तीन कळांत पुरी व्हावी’ ही अट होय. जे नसल्यास खरेदीच करावयाची नाही, त्या अटी वेगळ्या लिहाव्यात. जे असल्यास बरे, ते वेगळे लिहावे. दोन्हींची खिचडी केली तर शेवटी ज्याचे पत्रक जाड त्याची सरशी होते.

मराठी मजकुराच्या अटींविषयी मात्र मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तेथेच मी स्वतः फसलो आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेसाठी देणगीतून प्रणाली घेण्यात आली, व तिच्या शिफारशीवर माझी सही होती. प्रात्यक्षिक उत्तम झाले. प्रतिनिधीने पडद्यावर इंग्रजी पुस्तकांची नावे झरझर भरून दाखवली. आमच्या कपाटात इंग्रजी पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही. मराठी नोंदी एका विशिष्ट टंकात भरल्या गेल्या. दोन वर्षांनी संगणक बिघडला, नवा आला, आणि त्यावर तो टंक नव्हता. अकराशे पुस्तकांची नावे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या निरर्थक माळा होऊन बसली. विक्रेत्याचा दूरध्वनी लागेना. एका बाईंनी उन्हाळ्याच्या सुटीत सर्व नोंदी जुन्या वहीवरून पुन्हा केल्या. त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य मला कित्येक दिवस झाले नाही.

असे का होते, हे शिक्षकास समजणे अवघड नाही. संगणक अक्षर साठवीत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. कोणत्याही संगणकावर तो ‘क’ हा ‘क’च राहतो. जुन्या टंकांत तसे नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकृत्या बसवलेल्या असत. टंक आहे तोवर मराठी दिसते, टंक गेला की मुखवटा गळून पडतो. म्हणून ‘मराठीत चालते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. ‘सर्व मजकूर युनिकोडमध्ये साठवला जाईल, आणि निर्यात केलेल्या फाईलमध्येही युनिकोडच राहील’ असे लेखी घ्यावे.

युनिकोड आले तरी मराठीच्या काही खोडी उरतातच. ‘दऱ्याखोऱ्या’तील जोडाक्षर दोन रीतींनी टंकित करता येते : एका रीतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साधा ‘र’ व एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रास मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात, आणि एका रीतीने भरलेले पुस्तक दुसऱ्या रीतीने शोधल्यास ‘आढळले नाही’ असे उत्तर येते. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच. प्रात्यक्षिकाच्या वेळी असा शब्द एकाने संगणकावर व दुसऱ्याने भ्रमणध्वनीवर टंकित करून पाहावा. दोन्हींनी तेच पुस्तक निघाले तर ठीक. अक्षरक्रमाचीही परीक्षा घ्यावी. आपण मुलांना श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम शिकवतो; संकेतातील क्रमांकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागून येतो. त्यामुळे नुसत्या क्रमांकांवर विसंबणारी प्रणाली ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी लावील. मूल वर्गातील तक्त्याप्रमाणे शोधणार आणि त्यास पुस्तक सापडणार नाही.

लेखकांच्या नावांचा घोळ याहून मोठा. पु. ल. देशपांडे यांचे नाव कोणी ‘पु.ल.देशपांडे’ असे जोडून लिहील, कोणी ‘देशपांडे पु. ल.’ असे, तर कोणी संपूर्ण ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’. यंत्राच्या दृष्टीने हे तीन वेगळे लेखक झाले. दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी मुखपृष्ठावर त्याच नावाने असतात. परंतु एखाद्या काटेकोर शिक्षकाने ‘साने, पांडुरंग सदाशिव’ असे भरले तर मुलांना ते कसे सापडावेत? मालगुंडचे केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, आणि कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, हे यंत्रास कोणीतरी सांगावे लागते. म्हणून अट अशी लिहावी : लेखकाचे एक मान्य रूप ठेवता यावे व इतर रूपांवरून तेथे पोचता यावे. पण प्रणालीत ही सोय असून भागत नाही. नोंदी भरण्यास बसण्यापूर्वी केंद्रातील शिक्षकांनी एक दुपार खर्चून शंभर-दीडशे लेखकांची मान्य रूपे एका कागदावर ठरवून घ्यावीत. ही दुपार वाचवणाऱ्या केंद्रांना पुढे अनेक दुपारी द्याव्या लागतात.

वर्गीकरणाचे फार स्तोम माजवू नये. मेल्विल ड्यूई यांची १८७६ ची दशांश पद्धती मोठ्या ग्रंथालयांस उपयुक्त आहे. तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ असा येतो, आणि आपल्या शाळांतील बहुतेक पुस्तके त्या एकाच क्रमांकाखाली जाऊन बसतात. सर्वांस एकच क्रमांक चिकटवण्याने कोणाची सोय होणार? गोष्टींस लाल, गाण्यांस पिवळी, विज्ञानास हिरवी, चरित्रांस निळी अशी पट्टी पहिलीच्या मुलासही वाचता येते. प्रणालीत रंगासाठी एक रकाना ठेवता आला पाहिजे, एवढेच मागावे. बारकोड असल्यास देवघेव जलद होते. साध्या कागदावर छापून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली तरी तो चालतो. पुस्तकात बसवावयाच्या रेडिओ-चकत्या व दारावरचे कमान-यंत्र कोणी सुचवल्यास नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा. ‘पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाका, बाकीची माहिती आपोआप येईल’ असेही सांगितले जाते. आपल्याकडील जुन्या बालपुस्तकांवर तो क्रमांकच बहुधा नसतो. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत आलेले एखादे पुस्तक प्रात्यक्षिकास न्यावे, म्हणजे ‘आपोआप’ या शब्दाचा अर्थ कळेल.

उपलब्ध प्रणालींपैकी तिघींची ओळख असावी. ‘कोहा’ या प्रणालीची जन्मकथा आपणास जवळची वाटेल. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील लहान ग्रामीण ग्रंथालयांची जुनी प्रणाली सन २००० ची तारीख ओलांडू शकणार नव्हती. नवी विकत घेण्यास पैसा थोडा, व खेड्यांतील दूरध्वनीच्या तारा सामान्य. तेव्हा त्या ग्रंथालय-न्यासाने एका स्थानिक कंपनीकडून साध्या तारेवर चालेल अशी प्रणाली लिहवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली, आणि नंतर जगास मोफत देऊन टाकली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. आज ती जगभर वापरली जाते. दुसरी ‘ई-ग्रंथालय’, ही राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने शासकीय ग्रंथालयांसाठी तयार केली आहे. तिची चौथी आवृत्ती महाजालावरून चालते. तिसरी ‘सोल’, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची; ती मुख्यत्वे महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या गरजा पाहून रचलेली असल्याने प्राथमिक शाळेस अंगरखा ढगळ होईल. मोफत प्रणाली म्हणजे बिनखर्ची प्रणाली, असे मात्र समजू नये. विहिरीचे पाणी फुकट असले तरी रहाट व दोर आपलाच असतो. कोहा चालवण्यास कोणी जाणकार लागतो, तो नेमका कोण व किती दिवस, हे आधी ठरले पाहिजे. गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असेल तर तेथील ग्रंथपालास प्रथम भेटावे. ते जी प्रणाली वापरतात तीच आपण घेतली, तर अडचणीच्या वेळी विचारावयास जवळ माणूस असतो. हा लाभ कोणत्याही वैशिष्ट्यापेक्षा मोठा आहे.

आता पैशाचे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत शाळेच्या प्रकारानुसार ग्रंथालयासाठी वार्षिक ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. ती रक्कम पुस्तकांची आहे. तिच्यातून प्रणाली घेण्याचा मोह टाळावा. रिकाम्या कपाटाची सूची करून काय साधणार? प्रणालीसाठी देणगी वा अन्य मंजूर निधी असावा, व शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव असावा. राज्य शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीच्या कार्यपद्धतीची नियमपुस्तिका लागू केली. केंद्र शासनाचे ‘जेम’ हे खरेदीचे संकेतस्थळही त्याच वर्षी सुरू झाले. दरपत्रके किती रकमेपर्यंत चालतात व निविदा केव्हा लागते, या मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून खरेदीपूर्वी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडून चालू मर्यादा लेखी मागवून धारिकेस लावावी. मर्यादेखाली राहण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडू नयेत; हे शहाणपण लेखापरीक्षक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता पाच वर्षांच्या खर्चावर करावा. समजा, एकाची किंमत १८,००० रुपये व दुसऱ्या वर्षापासून वार्षिक देखभाल ६,००० रुपये आहे. दुसऱ्याची प्रणाली मोफत. परंतु बसवून देणे व प्रशिक्षण यांचे १५,००० रुपये आणि महाजालावरील जागेचे दरसाल ४,००० रुपये आहेत. पाच वर्षांत पहिल्याचे ४२,००० व दुसऱ्याचे ३५,००० रुपये होतात. पण पहिला विक्रेता करार संपल्यावर नोंदी परत देण्याचे आणखी ८,००० रुपये मागत असेल, तर त्याचे ५०,००० झाले. हा शेवटचा आकडा कोणीही आपण होऊन सांगत नाही. तो विचारावा लागतो. किंबहुना अट अशीच घालावी की नोंदी शाळेच्या मालकीच्या राहतील, आणि शाळा मागेल तेव्हा त्या विनामूल्य, सीएसव्ही या साध्या फाईलच्या रूपात व ग्रंथालयांच्या मार्क या प्रमाण रूपात मिळतील. मार्क हे रूप अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात १९६० च्या दशकात हेन्रिएट अव्हराम यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. एका ग्रंथालयाच्या नोंदी दुसऱ्यास वाचता याव्यात, हा त्याचा हेतू. विक्रेता बदलला तरी नोंदी बरोबर नेता येतात त्या या रूपामुळे.

पुरवठा आदेशात सर्व रक्कम एकदम देण्याचे कबूल करू नये. काही भाग प्रणाली बसवल्यावर, काही भाग आपल्याच पन्नास पुस्तकांच्या नोंदी भरून त्या निर्यात करून पुन्हा आत घेता आल्या हे पाहिल्यावर, आणि उरलेला भाग तीन महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरानंतर द्यावा. ती पन्नास पुस्तके आपण निवडावीत : काही बिनमुखपृष्ठाची, काही दोन लेखकांची, ‘किशोर’ मासिकाचे दोन-चार जुने अंक, एखादे हिंदी, एखादे उर्दू शाळेतून आलेले. सोपी पुस्तके प्रतिनिधी स्वतः घेऊन येतोच.

कोकणातील शाळेने पावसाचा विचार वेगळा केला पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळात वीज व महाजाल यांवर भरवसा ठेवता येत नाही, आणि मुले घरात अडकलेली असल्याने वाचन मात्र त्याच काळात अधिक होते. म्हणून महाजाल नसताना देवघेव कशी होईल, हे मागणीपत्रात विचारावे. प्रणालीत तशी सोय नसल्यास कागदी चिठ्ठ्यांवर नोंद करून वीज आल्यावर चढवण्याची शिस्त ठेवावी. नोंदींची एक प्रत शाळेबाहेर, शक्य तर तालुक्याबाहेर असावी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले; २६ जुलै २००५ लाही गेले होते. ज्या कपाटात पुस्तके आणि ज्या टेबलावर त्यांच्या नोंदींचा संगणक, त्या दोहोंस एकच पाणी एकाच रात्री गाठते. पुस्तके गेली तरी काय गेले हे ठाऊक असेल, तर पुन्हा मागता येते.

मुलांच्या माहितीविषयी सावध असावे. देवघेवीस मुलाचे नाव, इयत्ता व हजेरी क्रमांक पुरे. आधार क्रमांक, जात, पालकांचा दूरध्वनी हे रकाने प्रणालीत असले तरी रिकामे ठेवावेत, व मागणीपत्रातच ते बंद करता यावेत असे म्हणावे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील सर्वांस बालक मानले असून त्यांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीची अट घातली आहे. मुलाने कोणते पुस्तक नेले ही माहिती विक्रेत्याच्या जाहिरातीच्या उपयोगाची वस्तू नव्हे, हेही करारात येऊ द्यावे.

शेवटी कुलपाचा प्रश्न. प्रणालीमुळे पुस्तके हरवणे थांबत नाही. कोणते, केव्हा व कोणाकडे हरवले एवढे कळते. पुस्तक वापरून फाटणे आणि पुस्तक गहाळ होणे यांत फरक करणारा अहवाल प्रणालीतून निघाला पाहिजे. प्रत्येक प्रतीच्या नोंदीत ती किती वेळा मुलांकडे गेली, हा आकडा असावा. तीस वेळा घरी जाऊन जीर्ण झालेले पुस्तक आणि एकदाही न जाता वाळवीने खाल्लेले पुस्तक निर्लेखनाच्या प्रस्तावात एकाच रकान्यात बसवले जाते, तोवर कोणताही शहाणा शिक्षक किल्ली खिशातच ठेवील. व्यवस्थापन समितीने वर्षातून एकदा मोजदादीच्या वेळी हा अहवाल समोर ठेवून, वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाची शिफारस ठरावाने करावी व प्रस्ताव सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवावा. कार्यभार देताना असा ठराव धारिकेत असला, की सतरा पुस्तकांचा प्रश्न सतरा नोंदींनी सुटतो.

जुनी दाखल नोंदवही मात्र संगणक आला म्हणून रद्दीत देऊ नये. नव्या पुस्तकाचा दाखल क्रमांक प्रथम तिच्यात शाईने पडावा व मग यंत्रात. आणि दर शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस यंत्रातील यादी छापून, मुख्याध्यापकांच्या सहीने त्याच वहीच्या मागे शिवून ठेवावी.